नवऱ्याच्या शोधात कलकत्त्याला

१७५२ सालच्या जानेवारीत ‘बॉम्बे कॅसल’ नावाचे जहाज इंग्लंडहून मद्रासकडे निघाले. त्यात फिलाडेल्फिया ऑस्टिन नावाची एकवीस वर्षांची मुलगी होती. आई ती लहान असतानाच वारली होती. वडील शल्यवैद्य होते, तेही ती सात वर्षांची असताना गेले. सावत्र आईने हात वर केले आणि भावंडे नातेवाइकांत वाटली गेली. भाऊ जॉर्ज हुशार निघाला, शिकून पाद्री झाला. बहिणीला मात्र पंधराव्या वर्षी लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये बायकांच्या टोप्या आणि झालरी शिवणाऱ्या बाईकडे उमेदवारीला ठेवले. पाच वर्षे सुई चालवून पदरात काय पडणार होते, ते तिला दिसत होते. शिवणकामावर पोट जेमतेम भरले असते. हुंडा नव्हता, म्हणून लग्न नव्हते, आणि लग्न नाही म्हणजे घर नाही. तिने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मागितली. अर्जात कारण दिले होते, तिकडच्या ओळखीच्या मंडळींकडे जायचे आहे. खरे कारण अर्ज वाचणाऱ्यालाही ठाऊक होते.

ऑगस्टमध्ये ती मद्रासला उतरली. सहा महिन्यांनी, २२ फेब्रुवारी १७५३ रोजी, कंपनीचा शल्यवैद्य टायसो सॉल हॅन्कॉक याच्याशी तिचे लग्न झाले. चारच दिवस आधी मद्रासलाच मार्गारेट मॅस्केलिन या तरुणीने रॉबर्ट क्लाइव्हशी लग्न केले होते. तीही अशीच, आदल्या वर्षी इंग्लंडहून आलेली. एकीला पुढे बंगालचा विजेता म्हणून मिरवणारा नवरा मिळाला, दुसरीला कायम कर्जाच्या काठावर असलेला डॉक्टर. जहाजातून उतरताना दोघींपैकी कुणालाच हे ठाऊक असण्याची सोय नव्हती.

पुढची जवळजवळ दोनशे वर्षे अशा तरुणी येतच राहिल्या. त्यांतल्या फार मोठ्या संख्येचे ठिकाण होते कलकत्ता. इंग्रजांनी त्यांना ‘फिशिंग फ्लीट’ म्हणजे मासेमारीचा ताफा असे नाव ठेवले. नवरा न मिळता परत गेलेल्यांना त्याहून क्रूर नाव होते: ‘रिटर्न्ड एम्प्टीज’, रिकामे परत पाठवलेले डबे. या नावांमुळे एक गोष्ट झाकली गेली. ही सारी व्यवस्था त्या मुलींनी उभी केलेली नव्हती. ती कंपनीने केलेली होती, आणि तिची सुरुवात तर मुंबईत झाली.

मुंबई बेट कंपनीकडे १६६८ मध्ये आले. तिथल्या इंग्रज शिपायांनी पोर्तुगीज कॅथलिक मुलींशी लग्ने लावली, तर मुले कॅथलिक होतील, ही संचालकांची काळजी होती. म्हणून १६७१ मध्ये त्यांनी वीस अविवाहित इंग्रज स्त्रिया मुंबईला धाडल्या. त्यांच्यात खानदानी आणि साध्या असे दोन वर्ग केले, कपड्यांची सोय केली आणि एक वर्ष पोसण्याची हमी दिली. वर्षभरात लग्न जमले नाही तर पुढचे ज्याचे त्याने पाहावे. गव्हर्नर जेराल्ड आँजिए हे शहर वसवण्याच्या खटपटीत होता. थोड्याच वर्षांत कागदपत्रांत तक्रार उमटली की यांतल्या काही जणी नीट वागत नाहीत. उपाय सुचवला गेला तो असा: आधी समज द्यावी, तरी ऐकले नाही तर कोंडून पाव आणि पाण्यावर ठेवावे आणि मग विलायतेला परत पाठवावे. वर्ष सरल्यावर आधार काढून घेतलेल्या, परक्या बेटावर एकट्या पडलेल्या बायका जगणार कशा, हा प्रश्न त्या पत्रव्यवहारात कुणी विचारलेला दिसत नाही.

कलकत्त्याला अशी सरकारी पाठवणी करावी लागली नाही. तिथला पैसाच पुरेसा होता. प्लासीच्या लढाईनंतर बंगालमध्ये कंपनीचे नोकर ज्या वेगाने श्रीमंत झाले, त्याची वर्णने इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या दिवाणखान्यांत पोहोचली. कॅप्टन टॉमस विल्यमसनने १८१० मध्ये हिंदुस्थानात जाणाऱ्या इंग्रजांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यात त्याचा अंदाज आहे की बंगाल आणि त्याच्या ताब्यातल्या मुलखात बऱ्या स्थितीतले युरोपीय पुरुष सुमारे ४००० असतील आणि युरोपीय स्त्रिया २५० सुद्धा नसतील. म्हणजे एका स्त्रीमागे सोळा पुरुष. इंग्लंडमध्ये हुंड्यावाचून घरात बसलेल्या मुलीच्या काकाला हे गणित चटकन कळत असे.

हॅन्कॉक दांपत्य १७५९ मध्ये बंगालला आले. तिथे त्यांचा वॉरन हेस्टिंग्जशी घरोबा झाला. हेस्टिंग्जची पहिली बायको मेरी हिचा आधीचा नवरा कॅप्टन बुकॅनन १७५६ मध्ये कलकत्त्याच्या ‘ब्लॅक होल’ या अंधारकोठडीत मेला होता. त्याच वर्षी तिने हेस्टिंग्जशी लग्न केले आणि तीन वर्षांत तीही कासिमबाजारला वारली. बंगालमधली लग्ने अशीच असत, घाईची आणि अल्पायुषी. डिसेंबर १७६१ मध्ये कलकत्त्यात फिलाडेल्फियाला मुलगी झाली. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेले हे एकच मूल. धर्मपिता हेस्टिंग्ज झाला. लोकांनी कुजबुज सुरू केली. क्लाइव्हने तर आपल्या बायकोला पत्र लिहून फिलाडेल्फियाच्या सहवासापासून दूर राहायला बजावले. मुलीचा बाप कोण, हे आज सिद्ध करता येत नाही, आणि त्यावर जितकी शाई खर्च झाली तितकी करायचे कारणही नव्हते. हेस्टिंग्जने त्या कुटुंबाच्या नावे दहा हजार पौंड बाजूला ठेवले, एवढे नक्की.

१७६५ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला परतले. लंडनच्या राहणीत पैसा संपला. १७६८ मध्ये हॅन्कॉक एकटाच पुन्हा कलकत्त्याला आला, तो मरेपर्यंत तिथेच राहिला. बायकोला लिहिलेली त्याची त्या काळातली पत्रे टिकून आहेत. मुलगी एलायझा अकरा वर्षांची होत आली, तेव्हा तिला घेऊन आपण कलकत्त्याला यावे का, असे फिलाडेल्फियाने विचारले. हॅन्कॉकने साफ नकार कळवला. इथे शिष्टाचाराच्या नावाखाली बदफैली चालते, असे त्याने लिहिले. देखण्या, गोड बोलणाऱ्या तरुणावर कोवळी मुलगी भाळल्यावाचून राहणे किती कठीण, हे तुला स्वतःलाच माहीत आहे, असेही लिहिले. ज्या रिवाजाने त्याला बायको मिळाली होती, त्या रिवाजात स्वतःची मुलगी उतरवायला तो तयार नव्हता. कलकत्त्याच्या त्या लग्नांविषयी एखाद्या पुरुषाने इतकी खरी साक्ष क्वचितच दिली असेल. १७७५ मध्ये तो तिथेच वारला.

एलायझाचे पुढचे आयुष्य कादंबरीला शोभेल असे झाले. तिचा पहिला नवरा फ्रेंच उमराव होता, १७९४ मध्ये त्याचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. मग तिने मामेभाऊ हेन्री ऑस्टिनशी लग्न केले. हेन्रीची बहीण म्हणजे जेन ऑस्टिन. पाद्री झालेल्या जॉर्जची ही मुलगी आत्याची कहाणी घरात ऐकतच वाढली होती. फिलाडेल्फिया १७९२ च्या फेब्रुवारीत वारली, आणि त्याच वर्षी सोळा वर्षांच्या जेनने ‘कॅथरीन’ ही कादंबरी लिहायला घेतली. ती अपुरी राहिली. तिच्यात अनाथ झालेली मिस विन नावाची मुलगी आहे. एक नातेवाईक तिला कपडे करून बंगालला लग्नासाठी पाठवण्याची तयारी दाखवतो. तिला जायचे नसते, पण दुसरा मार्ग नसतो. ती जाते, थोड्याच दिवसांत तिथे वयाने कितीतरी मोठ्या माणसाशी लग्न होते, ऐश्वर्य मिळते आणि सुख मिळत नाही. लग्न आणि पैसा यांच्या गुंत्यावर पुढे आयुष्यभर लिहिणाऱ्या लेखिकेच्या हातात हा विषय कलकत्त्याहून आला होता.

दुसऱ्या टोकाला होता व्यंगचित्रकार जेम्स गिलरे. १६ मे १७८६ रोजी लंडनमध्ये त्याचे एक रंगीत व्यंगचित्र विक्रीला आले, पूर्वेकडे इंग्रज सुंदऱ्यांचा लिलाव. जहाज नुकतेच धक्क्याला लागले आहे. लिलाववाला हातोडा घेऊन बोली पुकारतो आहे. एका स्त्रीला तराजूत बसवले आहे आणि दुसऱ्या पारड्यात लाख रुपये आहेत. पुरुष तपासून बघत आहेत, कुणी पाठमोरे करून, कुणी भिंगातून. पण चित्र पाहताना नजर खिळते ती मागच्या गोदामावर. विकला न जाणारा युरोपीय माल इथे ठेवावा आणि पुढच्या जहाजाने परत पाठवावा, अशी पाटी दारावर आहे, आणि त्या दारातून काही बायका रडत आत चालल्या आहेत. गिलरेला कदाचित हसूच आणायचे असेल. तरी त्याने दाखवलेली बाजारपेठ खोटी नव्हती. लिलाववाला कोण होता, ते त्याने स्पष्ट केले नाही, इतकेच.

प्रत्यक्ष कलकत्त्यात हातोडा नव्हता, पण पद्धत होती. मोठी जहाजे हुगळीच्या मुखाजवळ खेजुरीला किंवा डायमंड हार्बरला नांगर टाकत. तिथून लहान होड्यांतून, भरती-ओहोटी सांभाळत, गार्डन रीचचे बंगले बघत प्रवासी चांदपाल घाटावर येत. नवी मुलगी आली की ज्या बाईकडे ती उतरली असेल ती यजमानीण तिला लागोपाठ तीन संध्याकाळी दिवाणखान्यात नटवून बसवत असे. गावातले सगळे प्रतिष्ठित गोरे स्त्रीपुरुष येऊन तिला बघून जात. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला एक मुलगा आणि त्याची माणसे येतात, इथे अख्खी वसाहत येत असे. नंतर तिला त्या प्रत्येक घरी परतभेटीला जावे लागे, कलकत्त्याच्या उकाड्यात, विलायती पोशाखात. जुन्या कलकत्त्याच्या इतिहासकारांनी ही रीत सविस्तर नोंदवली आहे. रविवारची प्रार्थना हा दुसरा प्रसंग. सेंट जॉन चर्च १७८७ मध्ये बांधून झाले, जागा महाराजा नवकृष्ण देव यांनी दिलेली होती. पालखीतून किंवा बग्गीतून उतरणाऱ्या नव्या मुलीला हात देऊन आत नेण्यासाठी तरुण पायऱ्यांवर ताटकळत असत.

सगळ्यांत वरचा भाव कंपनीच्या मुलकी अधिकाऱ्याला. त्याच्या मृत्यूनंतर विधवेला फंडातून वर्षाला ३०० पौंड मिळत. त्यामुळे ‘जिवंत काय, मेलेला काय, वर्षाला तीनशे’ असे त्याच्याविषयी उघड बोलले जाई. हे वाक्य मुलींच्या हावरेपणाचा पुरावा म्हणून सांगतात. ज्या समाजात स्त्रीला पगारी नोकरी नाही, विवाहित स्त्रीची मिळकत कायद्याने नवऱ्याची होते आणि हवामान असे की माणूस दोन पावसाळे काढील याची शाश्वती नाही, तिथे विधवेच्या निवृत्तिवेतनाचा विचार करणे हा शहाणपणा होता. त्याला लोभ म्हणणे अन्याय आहे.

मृत्यू तर रोजच्या जेवणाइतका जवळ होता. साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी १७६७ मध्ये सुरू झाली. आज भर शहरात, गर्द झाडीत, तिथे मनोरे, घुमट आणि पिरॅमिड दाटीवाटीने उभे आहेत. तिथल्या शिळांवरची वये वाचत गेले की छाती दडपते. ल्यूसिया पॉक १७७२ मध्ये तेविसाव्या वर्षी गेली. शंभर वर्षांहून अधिक काळानंतर तिचा शिलालेख वाचून रुडयार्ड किपलिंग थबकला आणि तिच्यावर त्याने लिहिले.

रोझ एल्मरची समाधी तिथलीच. वडील सरदार घराण्यातले, पण ते ती लहान असताना वारले. आईने दुसरे लग्न केले. वेल्समध्ये वॉल्टर सॅव्हेज लँडर या तरुण कवीशी तिची ओळख झाली, दोघे समुद्रकाठी फिरत असत. तिने वाचनालयातून आणून दिलेल्या एका पुस्तकातून त्याला ‘गेबिर’ या दीर्घकाव्याचा विषय सापडला. ते काव्य १७९८ मध्ये छापून आले आणि त्याच वर्षी घरच्यांनी रोझला कलकत्त्याला मावशीकडे पाठवले. मावशीचा नवरा सर हेन्री रसेल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता. चौरंगीजवळचा रसेल स्ट्रीट त्याच्याच नावाचा. अशा घरात आलेल्या मुलीला उत्तम स्थळे सांगून येणार, यात शंका नव्हती. २ मार्च १८०० रोजी, विसाव्या वर्षी, ती पोटाच्या विकाराने गेली. वकील विल्यम हिकी तेव्हा कलकत्त्यात होता. त्याच्या आठवणींत त्याने अननसाला दोष दिला आहे, फार खाल्ले म्हणे. कॉलरा असावा, असे आता मानतात. लँडरला बातमी कळली तेव्हा त्याने तिच्यावर आठ ओळींची कविता लिहिली. इंग्रजी काव्यसंग्रहांत ती आजही असते. पुढे तिच्या समाधीवरही ती बसवण्यात आली. पिळदार मळसूत्री सुळक्याची ती समाधी ओळखायला सोपी आहे.

या सर्व कथेत एक मोठी रिकामी जागा आहे. चार हजार पुरुष आणि अडीचशे गोऱ्या स्त्रिया, मग बाकीचे काय करत होते? त्यांच्या घरी हिंदुस्थानी स्त्रिया होत्या. कागदोपत्री त्यांना ‘बीबी’ म्हणत. १७८० च्या दशकातल्या बंगालमधल्या इंग्रजांच्या मृत्युपत्रांपैकी सुमारे एक तृतीयांशांत अशा स्त्रीच्या किंवा तिच्या मुलांच्या नावे काही ना काही ठेवलेले आढळते. पुढच्या अर्धशतकात हे प्रमाण घसरत गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नाहीसे झाल्यातच जमा झाले. पुण्याच्या वाचकांना जवळचे उदाहरण चार्ल्स मॅलेटचे. पेशव्यांच्या दरबारातल्या या इंग्रज वकिलाच्या घरी अंबर कौर नावाची स्त्री होती, तिच्यापासून त्याला मुले होती. शनिवारवाड्यात चित्रशाळा चालवणाऱ्या जेम्स वेल्सशी मॅलेटची मैत्री होती. हिंदुस्थान सोडून गेल्यावर १७९९ मध्ये मॅलेटने लग्न केले ते वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी. असे शेकड्यांनी घडले. नवी वधू जहाजातून उतरली की आधीची स्त्री मागच्या दाराने जाई.

मुले मात्र उरत. १७९१ मध्ये कंपनीने आईबापांपैकी एक जण हिंदुस्थानी असलेल्यांना आपल्या वरच्या नोकऱ्यांची दारे बंद केली. मुलांचे भवितव्य त्याने संपले. मुलींसाठी कलकत्त्यात खिदिरपूरला लष्करी अधिकाऱ्यांच्या पोरक्या मुलांचे गृह होते. तिथे ठरावीक काळाने नृत्याचे कार्यक्रम होत आणि दूरच्या छावण्यांतून आलेले अधिकारी तिथे बायको निवडत. मग विलायतेहून येणाऱ्या मुलींची संख्या वाढली, तसे खिदिरपूरच्या मुलींना विचारणारे कमी झाले. एकाच शहरात दोन प्रकारच्या निराधार मुलींना एकमेकींसमोर उभे केले गेले होते. त्वचेच्या रंगावरून कुणी जिंकायचे ते आधीच ठरले होते.

हे सगळे जवळून पाहून लिहिणारी एक स्त्री होती, एमा रॉबर्ट्स. १८२८ मध्ये ती बहीण आणि मेहुण्याबरोबर बंगालला आली. स्वतः अविवाहित, लग्नाच्या बाजारात न उतरलेली. बहिणीच्या मृत्यूनंतर ती कलकत्त्याला राहिली आणि ‘ओरिएंटल ऑब्झर्व्हर’ या पत्राचे संपादन करू लागली. १८३५ मध्ये तिचे हिंदुस्थानवरचे पुस्तक आले, त्यात बंगालमधल्या वधूंवर एक प्रकरणच आहे. तिचे म्हणणे असे की विवाहित बहिणीबरोबर आलेल्या मुलीइतकी केविलवाणी स्थिती कुणाची नसेल. एकटीने बाहेर पडता येत नाही, करायला काम नाही, मेहुण्याच्या घरात ती ओझे होते, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे कुणाकडेच नसतात. मग येईल त्याला होकार. तिकिटाचा हा मुद्दा मांडणारी एमा ही पहिली नसेलही, पण तिने तो जितक्या स्पष्टपणे मांडला तितका तिच्या काळातल्या कुठल्या पुरुषाने मांडला नाही. पुढे ती मुंबईला आली, पत्रकारितेतच राहिली आणि १८४० च्या सप्टेंबरात पुण्यात वारली. तिला पुण्यातच पुरले.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि पूर्वी सहा महिन्यांचा असलेला प्रवास काही आठवड्यांवर आला. तिकीट स्वस्त झाले, परतणे शक्य झाले, आणि दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाला मुलींची खरोखरच रीघ लागली. ‘फिशिंग फ्लीट’ हे नाव आज आठवते ते मुख्यतः याच काळामुळे. पावसाळा संपला की बोटी मुंबईला लागत. ज्यांचे आधीच ठरलेले असे, त्यांतल्या काही जणींची लग्ने बोटीतून उतरल्या दिवशीच फोर्टातल्या सेंट टॉमस चर्चमध्ये लागत. बाकीच्या ट्रंका घेऊन कलकत्त्याची मेल गाडी पकडत.

त्याच काळात हुगळीवरून उलट दिशेने एक स्त्री निघाली. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. वय अठरा. नवऱ्याची बदली श्रीरामपूरला झाली होती, म्हणून हे मराठी जोडपे बंगालमध्ये होते. जाण्याआधी आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजमध्ये जाहीर भाषण करून आपण एकट्या परदेशी का जातो ते सांगितले होते. त्यांना नवरा शोधायचा नव्हता, डॉक्टर व्हायचे होते. एकट्या स्त्रीने समुद्र ओलांडला म्हणून लोकांनी त्यांना जे ऐकवले, ते नवऱ्यासाठी समुद्र ओलांडणाऱ्या मुलींना ऐकाव्या लागलेल्या शब्दांहून फारसे सौम्य नव्हते.

विसाव्या शतकात राजधानी दिल्लीला गेली, तरी नाताळातले कलकत्ता हिंदुस्थानातल्या गोऱ्यांचे मोठे आकर्षण राहिले. रेसकोर्सवर शर्यती, सॅटर्डे क्लबमध्ये नाच, टॉलीगंजला घोडेस्वारी, चौरंगीवरच्या फिर्पोमध्ये जेवण. क्लाइव्ह स्ट्रीटच्या कंपन्यांतले तरुण इंग्रज चार-सहा जण मिळून भाड्याच्या घरात राहत. करारातच अट असे की अमुक वर्षे लग्न करायचे नाही, केल्यास मालकांच्या परवानगीने. सैन्यातही तिशीच्या आत लग्न करणाऱ्याकडे वरिष्ठ नाखुशीने पाहत. म्हणजे एकीकडे मुलींना तीन-चार महिन्यांत निकाल लावायचा होता आणि दुसरीकडे मुलांना हो म्हणायची मुभा नव्हती. मार्चमध्ये ऊन तापू लागे आणि ज्यांचे जमले नाही त्या बोटीत बसत.

त्याच फिर्पोमध्ये १९२० च्या दशकाच्या अखेरीस एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी येत असे. घरी तिला क्वीनी म्हणत. जन्म १९११ चा, मुंबईचा. अँग्लो-इंडियन, गरीब घरची. कलकत्त्याच्या ला मार्टिनियर शाळेत वर्ण आणि वंश यांवरून मुलींनी इतके छळले की तिने शाळा सोडली. हौशी नाटकांतून ती कामे करू लागली. फिर्पोमध्ये तिची एका माजी नटाशी, बेन फिनीशी, ओळख झाली आणि प्रेम जमले. घरी गेल्यावर त्याला तिची सावळी आई दिसली, मुलगी मिश्र रक्ताची आहे हे कळले आणि त्याने पाय काढता घेतला. जाताना आश्वासन मात्र दिले की फ्रान्सला ये, सिनेमावाल्यांशी गाठ घालून देतो. ती खरेच गेली. काही वर्षांत ती मर्ल ओबेरॉन झाली. १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले आणि १९३९ मध्ये ‘वुदरिंग हाइट्स’ची कॅथी तिने साकारली. हॉलिवूडच्या सुवर्णकाळातल्या प्रेमपटांत तिचे नाव अग्रभागी आहे.

किंमत काय होती? आपला जन्म टास्मानियातला, असे तिला सांगावे लागले. बरोबर राहणाऱ्या शार्लटला ती लोकांपुढे मोलकरीण म्हणून दाखवत असे. शार्लट ही प्रत्यक्षात तिची आजी होती आणि जन्मदात्री होती शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स, हे पुढे मुंबईच्या नोंदींवरून उघड झाले. मर्ल १९७९ मध्ये वारली, तोवर तिने आपले मूळ जाहीर केले नव्हते. खिदिरपूरच्या मुलींना ज्या कारणासाठी मागे सारले, तेच कारण दीडशे वर्षांनी तिच्या पाठीस लागले होते.

१९४९-५० च्या हिवाळ्यात फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वारने बराकपूरजवळ हुगळीकाठी ‘द रिव्हर’ हा चित्रपट चित्रित केला. ठिकाणे शोधताना तरुण सत्यजित राय त्याच्याबरोबर हिंडत होते. मूळ कादंबरी रूमर गॉडनची. ती स्वतः बंगालमध्ये वाढलेली, कलकत्त्यात नृत्यशाळा चालवलेली आणि तिथेच लग्न केलेली. चित्रपटात तीन मुली एकाच परदेशी तरुणावर प्रेम करतात. युद्धात पाय गमावलेला कॅप्टन जॉन पाहुणा म्हणून येतो. तिघींतली मेलनी ही इंग्रज बाप आणि हिंदुस्थानी आई यांची मुलगी. तिची भूमिका राधा या भारतीय नर्तकीने केली, आणि मेलनीला पटकथेत जितका मान आहे तितका जुन्या कलकत्त्याने अशा मुलींना कधी दिला नव्हता. पुढे १९५४ मध्ये हॉलिवूडचा ‘थ्री कॉइन्स इन द फाउंटन’ आला. त्यात रोममध्ये राहणाऱ्या तीन अमेरिकन तरुणी त्रेवी कारंज्याजवळ आपले नशीब आजमावतात आणि शेवटी तिघींनाही प्रेम मिळते. छायाचित्रण आणि गीत यांसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाली. तो गोड वाटतो त्याला कारण आहे. त्या तरुणी नोकरी करून स्वतःच्या पगारावर रोममध्ये राहतात आणि वाटेल तेव्हा अमेरिकेला परतू शकतात. फिलाडेल्फिया ऑस्टिनजवळ यांपैकी काहीही नव्हते.

कलकत्त्याला आलेल्या त्या तरुणींची नावे आज सापडतात. बंगालमधल्या चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. कोण केव्हा आली, कुणाशी लग्न झाले, कितव्या वर्षी गेली, हे तिथे वाचता येते. बीबींचे तसे नाही. चर्चमध्ये लग्न न झाल्यामुळे त्या विवाहनोंदीत नाहीत. त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतही अनेकदा आईच्या नावाची जागा कोरी आहे किंवा तिथे नुसते ‘एतद्देशीय स्त्री’ असे लिहिले आहे. त्यांचा पत्ता लागतो तो पुरुषांच्या मृत्युपत्रांत, तोही एखाद्या ओळीत. कलकत्त्याच्या मृत्युपत्रांवर थोडे काम झाले आहे. पुणे, सातारा, नागपूर इथल्या रेसिडेन्सी आणि छावण्यांतल्या इंग्रजांची मृत्युपत्रेही त्याच दप्तरात, मुंबई आणि बंगालच्या खंडांत आहेत. मराठी अभ्यासकांनी ती उघडावीत, अंबर कौरसारखी आणखी नावे तिथे निश्चित आहेत.